जुन्या डोळ्यातलं पिवळं

माझा डावा डोळा नवा आहे आणि उजवा जुना, असे काही महिने माझे गेले. त्या महिन्यांचं हे सांगते.

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू दिवाळीनंतर काढला. डॉक्टर म्हणाले, महिन्याभरानं या, दुसरा पण करून टाकू. मी व्हय व्हय म्हणून घरी आले आणि परत गेलेच नाय. सून रोज सकाळी डोळ्यात थेंब घालायची आणि घालता घालता विचारायची, "आई, दुसऱ्याचं काय करायचं?"

मी म्हणायची, "घाल गं गुमान. बोलत बोलत घालशील तर डोळ्यात बोट जाईल."

"कारण तरी सांगा. भीती वाटती का?"

भीती कसली? पहिल्या वेळी तर मी टेबलावर पडल्या पडल्या डॉक्टरला त्याच्या भिंतीचा रंग कुणी निवडला ते विचारत होते. कारण वेगळंच होतं. सांगितलं असतं तर सून हसली असती. मला तो जुना डोळा सोडवत नव्हता.

आता ज्यांचे दोन्ही डोळे धड आहेत त्यांना हे कळायचं नाय, म्हणून नीट सांगते. डावा डोळा नवा झाला आणि दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा मला वाटलं कुणी जगाला नीळ घातली. दूध निळसर, भिंत निळसर, सुनेनं वाळत घातलेल्या चादरी तर अशा पांढऱ्या की बघवेना. मग मी तो डोळा तळहातानं झाकला आणि जुन्यानं बघितलं. सगळं परत आपल्या जागेवर. दूध सायीच्या रंगाचं, भिंत मऊ, आणि चादरींवर संध्याकाळच्या उन्हासारखं काहीतरी. सकाळचे नऊ वाजले होते, पण त्या डोळ्यात कायम चार-साडेचारचं ऊन असायचं.

मला त्याचा खेळच लागला. सकाळी चहा झाला की गच्चीवर जायचं, खुर्ची टाकायची, आणि एकदा हा डोळा मिटायचा, एकदा तो. समोरची पाण्याची टाकी, शेजारणीची तुळस, लांबवर डोंगराची रेघ. नव्यात सगळं कापून ठेवल्यासारखं. जुन्यात सगळं काकवीत बुडवून काढलेलं. शेजारीण एकदा तिच्या गच्चीवरून ओरडली, "काकू, कुणाला डोळा मारताय?" मी म्हटलं, "तुझ्या टाकीला. दिसायला बरी आहे."

तर हा जुना डोळा का सोडवत नव्हता, तर माझं सगळं शिक्षण त्यानं केलेलं. माझी शाळा चौथीपर्यंत. त्याच्या पुढचं जे काय वाचायला, बघायला शिकले ते औरंगपुऱ्यातल्या एका प्रेसमध्ये. दुकानाच्या मागं बोळ, बोळाच्या शेवटी लांबट खोली, आणि तिथं लेबलं छापायची. लोणच्याची, उदबत्तीची, केसाच्या तेलाची, कुंकवाची, बियाण्याच्या पिशव्यांची. लग्न होऊन अजिंठ्याकडच्या गावातून शहरात आले, मुलगा शाळेत जायला लागला आणि मी तिथं निवडायला लागले. निवडायला म्हणजे तांदूळ निवडतात तसंच, फक्त कागद. छापून आलेला गठ्ठा मांडीवर घ्यायचा, एक कोपरा धरून पानं सर्रकन सोडायची. शंभर चांगली पानं डोळ्यासमोरून गेली तर काही दिसत नाय, नुसती एक नदी वाहते. मधे एक खराब असलं की नदीत काहीतरी लुकलुकतं. लगेच बोट घालायचं, ते पान ओढून बाहेर. लाल रंग जरा सरकलाय, शाई कमी पडलीय, कुठं धूळ बसलीय. बाया दिवसभर तशा बसायच्या, पानं सोडत, गप्पा मारत. डोकं गप्पात, डोळा पानात. मी कित्येकदा घरी येऊन झोपल्यावरही ती नदी बघितली आहे. रंगीत पानं वाहतायत, वाहतायत, आणि मी बोट घालायला बसलेय.

आमचे मालक उंच, थोडे वाकलेले, हाताची नखं कायम काळी. त्यांचा एक नियम होता. कुठल्याही कामाचं पहिलं चांगलं पान निघालं की मशीन थांबवायचं आणि ते पान घेऊन सगळ्यांनी उत्तरेच्या खिडकीत जायचं. मशीनवाला, कापणारा, आम्ही बाया, झाडू मारणारी मावशी सुद्धा. उत्तरेकडून थेट ऊन येत नाय, नुसता उजेड येतो, दिवसभर एकसारखा. त्या उजेडात पान धरायचं, सगळ्यांनी बघायचं, मग मालक विचारायचे, "काय म्हणता?" कुणी काही म्हणालं नाय तरच छपाई पुढं. मावशी म्हणायची, "मालक, मला काय कळतंय त्यातलं?" मालक म्हणायचे, "तू लोणचं घेतीस का नाय? मग बघ."

त्या खिडकीतला उजेड माझ्या जुन्या डोळ्यात राहिला आहे असं मला वाटायचं. मालक गेले, प्रेस बंद होऊन तिथं मोबाईलचं दुकान आलं, बोळात आता रिक्षा सुद्धा शिरते. पण उजवा डोळा उघडला की ती खोली, त्या बाया, शाईचा आणि घासलेटचा वास. आता कळलं ना, मी डॉक्टरकडं का जात नव्हते ते.

प्रेस बंद झाली तरी मला लोक विसरले नाहीत. आपल्या शहरात छपाईवाल्यांची एक संघटना आहे, ती दरवर्षी लेबलांची स्पर्धा ठेवते. सगळ्यात चांगलं आखलेलं, सगळ्यात चांगलं छापलेलं लेबल निवडायचं, त्याला मानाची ढाल. त्याच्या परीक्षणाला मला बोलावतात. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी म्हटलं, "अहो, मी सभा-समारंभातली बाई नाय." तर म्हणाले, "सभा नाही काकू, निवडायचंय." मग गेले. निवडायला मी कुठंही जाईन.

परीक्षक तिघं असतो. एक सर, चित्रकलेचे शिक्षक, निवृत्त झालेले, माझ्यापेक्षा वयानं थोडे मोठे, खिशाला चार रंगांची पेनं. दुसऱ्या एक मॅडम, औद्योगिक वसाहतीत पॅकिंगच्या कारखान्यात आहेत, माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांच्याकडं रंग मोजायचं यंत्र असतं, साबणाच्या वडीएवढं. आणि तिसरी मी. आमचं छान जमतं. सर आखणी बघतात, अक्षरं, मोकळी जागा. मॅडम छपाई मोजतात. मी बाटली हातात घेते. पाण्यात बुडवते, ओल्या अंगठ्यानं घासते, तेलाचं बोट लावते, मग फळीवर सगळ्यात वर ठेवते आणि मान वर करून बघते. लेबल काय टेबलावर बघायची गोष्ट आहे? ते फळीवर राहणार, फोडणीच्या वाफेत राहणार, आणि चष्मा न लावता वाचलं जाणार.

या वर्षी निघताना सून म्हणाली, "आई, एका डोळ्यावर काय निवडणार तुम्ही?"

मी म्हटलं, "दोन आहेत की."

"एक नवा, एक जुना. कुठल्यानं बघणार?"

बोलली ती सहज, पण ते माझ्याबरोबर निघालं. रिक्षात बसल्यावर सुद्धा तेच डोक्यात. रंग बघताना मी नवा डोळा मिटून घ्यायची, गेले काही महिने तशीच सवय झाली होती. नवा डोळा सगळ्यात निळा घालतो, तो खोटं बोलतो, जुना खरं बोलतो, हे मी ठरवूनच टाकलं होतं. पण कुणाच्या तरी मेहनतीचा निवाडा करायचा म्हटल्यावर ठरवून कसं चालेल? माझ्याकडं दुसरं आहे काय? ना पदवी, ना यंत्र. एक नजर आहे. तीच खोटी निघाली तर मी तिथं कशाला जायचं, चहा प्यायला?

हॉलमध्ये लांब टेबलं मांडली होती, त्यावर पांढरे कागद, आणि बाटल्या, बरण्या, डबे, पिशव्या. नावं कुणाची नाहीत, नुसते आकडे. खिडक्यांना पडदे, वर दिवे. मला अशा टेबलांसमोर गेलं की जत्रेत आल्यासारखं होतं. एवढे रंग, एवढी नक्षी, एवढ्या लोकांनी बसून विचार केलाय की आपल्या शेंगदाण्याच्या चटणीला कुठलं फूल शोभेल. मी हळूहळू चालत गेले, आणि मला परत ती नदी दिसायला लागली. रंगीत पानं वाहतायत.

सकाळ निवडण्यात गेली. कुठं अक्षरं एवढी बारीक की मुंगी वाचेल. कुठं बरणीला हात लावला की सोनेरी रंग बोटाला. सर एका डब्यासमोर उभे राहून म्हणाले, "हे बघा, यानं दुकानदाराच्या आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांचे फोटो टाकलेत. मसाला कुठाय?" मॅडम म्हणाल्या, "सर, मसाला अंदर है." आम्ही हसलो. दुपारच्या चहापर्यंत दोनच राहिली.

एक करडईच्या तेलाच्या बाटलीचं. एक जवसाच्या चटणीच्या बरणीचं.

करडईचं लेबल मी हातात घेतलं आणि नवा डोळा आपोआप मिटला. काय सांगू तुम्हाला! पांढऱ्या कागदावर करडईची फुलं, पिवळी, मधे केशरी धागे, खाली लाल देठ, भोवती निळ्या रेघेची चौकट, जुन्या वळणाची अक्षरं. सगळं एकमेकांत विरघळलेलं. जुन्या डोळ्याला ते लेबल नव्हतंच, ती औरंगपुऱ्यातली खोली होती. दुपारी डबे सोडून बाया बसल्यात, कुणीतरी लिंबाचं लोणचं पुढं करतंय, मशीन थांबलंय, आणि तो उजेड. मला वाटलं, हे मालकांनी बघायला पाहिजे होतं.

सर माझ्या शेजारी उभे होते. ते पण त्याच बाटलीकडं बघत म्हणाले, "काय ऊब आहे हो याच्यात."

"आहे ना?" मी म्हटलं.

"आणि हे जवसाचं," सरांनी बरणी उचलली, "आखणी चांगली. पण रंग मळकट. हे फूल बघा, राखाडी. उदास वाटतं."

मी पण बघितलं. खरंच मळकट. धुण्याच्या पाण्यासारखं फूल.

मॅडम टेबलाच्या पलीकडं उभ्या होत्या. त्यांनी एकदा आमच्याकडं बघितलं, एकदा बरणीकडं. म्हणाल्या, "मळकट? काकू, हा एवढा स्वच्छ निळा आहे. मी तर सकाळपासून याच्याच प्रेमात आहे. आणि करडईचं, सॉरी हं, पण त्याचा निळा सरकलाय. लाल आणि निळ्याच्या मधे पांढरी फट दिसते."

"फट?" सर म्हणाले. "कुठाय फट?"

मला पण दिसेना. मॅडमनी जवसाच्या फुलावर यंत्र लावलं, निळ्याचा आकडा दाखवला. आकडा मला कळत नाय, पण त्या खोटं कशाला बोलतील? त्यांनी वाद घातला नाही. दोन मतं आमची, एक त्यांचं. त्यांना वाटलं असेल, म्हातारे एक झाले. "ठीक आहे," त्या म्हणाल्या, "तुमचं दोघांचं म्हणणं करडई असेल तर करडई."

इथं संपलं असतं. सर पेन काढून कागदावर लिहायला बसले सुद्धा. पण मला राहून राहून त्या फटीचं वाटत होतं. सरकलेला रंग मला दिसला नाय? मला? मी तर झोपेत बोट घालणारी बाई.

आणि तिथं उभ्या उभ्या मला तो बल्ब आठवला.

प्रेसच्या शेजारी एकदा नवीन बांधकाम निघालं होतं. त्यांनी गिलाव्यासाठी आमच्या उत्तरेच्या खिडकीवर फळ्या ठोकल्या, काही दिवसांचा प्रश्न. नेमकी ट्यूब पण गेलेली. मालकांनी मशीनवर एक मोठा पिवळा बल्ब टांगला. काम होतं हळदीच्या पाकिटांचं. पहिलं पान निघालं, आम्ही सगळे बल्बाखाली गोळा झालो. पिवळा दिसेचना. कागदावर नुसता पुसट डाग. मालक म्हणाले, "काय म्हणता?" आम्ही सगळ्यांनी एका आवाजात सांगितलं, "फिकं आहे." शाई वाढवली. "अजून फिकं." अजून वाढवली. मावशी सुद्धा म्हणाली, "मालक, हळद अशी असती का, येऊ द्या की अजून." दिवसभर छापलं. दुसऱ्या दिवशी गठ्ठे बोळात उन्हात आणले आणि आम्ही सगळे तोंडावर हात ठेवून उभे. ते पिवळं नव्हतं, आरडाओरडा होता. बोळातल्या भिंती सुद्धा पिवळ्या झाल्या. सायकलवरून जाणारा एक माणूस थांबून म्हणाला, "किसकी शादी है?"

बघा ना, पिवळ्या उजेडात पिवळं दिसत नाय, हे छपाईच्या पोराला पण माहीत असतं. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पण उजेड कुठला आहे हेच आम्ही विसरलो होतो. मालक चिडले नाहीत. पायरीवर बसले, त्या पानाकडं बघत बघत हसायला लागले. म्हणाले, "कागद बघितला, शाई बघितली. बल्बाकडं कुणी बघितलंच नाय."

ते मला हॉलमध्ये ऐकू आलं. अगदी त्यांच्या आवाजात, घसा साफ करून बोलायचे तसं.

मी हळूच उजवा डोळा झाकला. जुना. एवढे महिने मी नवा झाकत आले होते, आज पहिल्यांदा कामासाठी जुना झाकला.

मॅडमना म्हटलं, "तो पडदा जरा सरकवा गं."

त्यांनी पडदा ओढला. योगायोग बघा, खिडकी उत्तरेची होती. मी करडईची बाटली उजेडात धरली. पहिल्यांदा तर ओळखूच आली नाय. कागद झगझगीत पांढरा. निळी चौकट फुलांच्या अंगावर धावून आलेली. आणि फट होती. लाल देठ आणि निळी रेघ, मधे केसाएवढा पांढरा धागा, पूर्ण लेबलभर. ती ऊब, ती दुपार, त्या बाया, काही काही नव्हतं. कुणीतरी हौसेनं केलेलं एक बरं लेबल, रंग सरकलेला. मग उघडला जुना, झाकला नवा. आली खोली परत. लोणच्यासकट. म्हणजे खोली बाटलीवर नव्हतीच. ती मीच घेऊन आले होते घरून.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? मग मी जवसाची बरणी उचलली, नुसती खात्री करायला. जुना डोळा परत झाकला.

आता हे कसं सांगावं मला कळत नाय. जवसाचं फूल तुम्ही बघितलंय का? आता फार कुणी लावत नाय. आमच्या गावी माझे वडील गव्हाच्या कडेनं जवस पेरायचे. हिवाळ्यात सकाळी आई मला डबा देऊन शेतात पाठवायची. धुकं असायचं, पायाला दव लागायचं, आणि कडेनं ती फुलं. तो निळा आभाळाचा नाय, साडीचा नाय, कशाचाच नाय. हात लावला की पाकळी गळते. दुपारी परत येताना बघावं तर एक फूल नाय, सगळी जमिनीवर. रोज सकाळी नवीन, रोज दुपारी साफ. मला लहानपणी वाटायचं, हे शेत सकाळी उजेड पितं आणि दुपारी सांडतं.

ते फूल त्या बरणीवर होतं. तोच निळा. पाच पाकळ्या, त्यातली एक गळून खाली पडलेली, जिथं चटणीचं नाव लिहिलंय त्या ओळीवर टेकलेली. ज्यानं ते काढलं त्यानं सकाळी शेतात जाऊन बघितलं होतं, नाहीतर ती गळलेली पाकळी कुणाला सुचणार? मी किती वर्षं तो रंग बघितला नव्हता. आणि मला कळलं सुद्धा नव्हतं की बघत नाय. एवढी वर्षं हा डोळा मला हळूहळू पिवळं घालत गेला, आणि निळं उचलून नेत गेला, एकेक पाकळी, दुपारच्या शेतासारखा.

"काकू?" मॅडम म्हणाल्या. "बसता का जरा?"

मी म्हटलं, "सर, तुमच्या डोळ्यांचं काय?"

सरांनी वर बघितलं. "काय म्हणजे?"

"मोतीबिंदू काढलाय का?"

"नाही अजून. आहे म्हणतात दोन्हीकडं. पिकू दे म्हटलं." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. हुशार माणूस, लगेच कळलं. करडईच्या बाटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, माझ्या झाकलेल्या डोळ्याकडं बघितलं. "अहो बाई, म्हणजे मी गेली काही वर्षं पिवळं परीक्षण करतोय की काय?"

"मी पण," मी म्हटलं. "तुमच्यापेक्षा मला एक डोळा जास्त आहे, एवढंच."

मॅडमना हसू आवरेना. तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "सॉरी, सॉरी सर." सर पण हसले, मग माझ्या हातातली बरणी घेतली. म्हणाले, "मला या बरणीवर खरंच निळं दिसत नाही हो. सांगा तरी कसं आहे."

मी सांगितलं. धुकं, दव, डबा, गळलेली पाकळी. मॅडम पण ऐकत होत्या, यंत्र हातात तसंच. सांगून झाल्यावर सर म्हणाले, "लिहा जवस. माझं मत तुमच्या डाव्या डोळ्याला." आणि त्यांनी स्वतःच करडईवरचं खोडलं.

संध्याकाळी निकाल सांगितला. जवसाचं लेबल केलेला माणूस त्या दिवशी आलाच नव्हता, त्याच्या भावानं ढाल घेतली. पण करडईवाली आली होती. बावीस-चोवीसची पोरगी, केस बांधलेले, बोटांना शाई. घरी वैजापूरकडं तेलाची घाणी, हिनं मामाच्या प्रेसमध्ये बसून लेबल केलं. ती थेट माझ्याकडं आली.

"आज्जी, तुम्ही औरंगपुऱ्यातल्या प्रेसमधल्या ना? मी जुन्या डब्यांवरची लेबलं बघून बघून केलं हे. आवडलं नाय का?"

मी तिला खुर्ची ओढून दिली आणि खरं ते सांगितलं. रंग सरकलाय, पुढच्या वेळी पहिलं पान खिडकीत नेऊन बघ, मामाला पण ने, झाडणारीला पण ने. चौकटीचा निळा जरा मऊ कर, फुलाला जगू दे. आणि हे पण सांगितलं की उजव्या डोळ्यानं बघितलं तेव्हा मी तुझ्या लेबलातून घरी जाऊन आले.

तिनं ऐकून घेतलं. तोंड पडलं होतं, नाय असं नाय. मग म्हणाली, "म्हणजे तुमचा एक डोळा माझ्या बाजूनं होता."

"होता गं."

"मग तो जपून ठेवा ना, पुढच्या वर्षीपर्यंत."

"नाय ठेवत," मी म्हटलं. आणि म्हटल्यावर मलाच कळलं की माझं ठरलंय. "तू लेबल असं कर की दुसऱ्याला पण आवडेल."

"करते," ती म्हणाली. रागानं म्हणाली, ते मला बरं वाटलं. जाताना ती बाटली माझ्या पिशवीत ठेवून गेली. मी जवसाची बरणी पण मागून घेतली.

घरी आल्यावर सुनेला म्हटलं, "उद्या डॉक्टरला फोन कर."

तिनं भाजीचा चमचा हातात धरून माझ्याकडं बघितलं. "काय झालं? हरलात का?"

"परीक्षक कुठं हरतो होय?"

"मग?"

"जवस बघायचाय," मी म्हटलं. तिला काही कळलं नाय, पण फोन केला.

त्यानंतरचे चार दिवस मी जुन्या डोळ्याला मनसोक्त हिंडवलं. करडईची बाटली गच्चीवर नेली, नवा डोळा मिटला आणि बसून राहिले. खोली आली. सगळ्यांना एकदा नीट बघितलं. जिचा हात सगळ्यात चपळ होता ती, जी गाताना मान हलवायची ती, मावशी, झाडू भिंतीला टेकवून उभी. मालक काळी नखं पुसत खिडकीशी. कुणाशी काही बोलले नाय. काय बोलणार, मशीन चालू होतं.

डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी येऊन पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेले. फळीवर बाटली आणि बरणी शेजारी शेजारी. जवसाचं फूल दोन्ही डोळ्यांनी निळं, पाकळी गळलेली. करडईची फट दोन्ही डोळ्यांनी दिसली, अगदी लांबून. सुनेला दाखवली तर ती म्हणाली, "ही? ही तर मला पहिल्या दिवशीच दिसली होती. मला वाटलं डिझाईन आहे."

पुढं काही दिवसांनी, काळा चष्मा सुटल्यावर, मी सकाळी गच्चीवर गेले. तांदळाचं ताट घेऊन खुर्ची टाकली. सवयीनं एक डोळा मिटला, मग दुसरा. टाकी तीच, तुळस तीच, डोंगर तोच. दोन्हीकडं सारखं, लख्ख. खेळ संपला होता. शेजारीण नव्हती, नाहीतर विचारलं असतं तिनं, काकू, आता कुणालाच डोळा मारत नाय का?

ऊन चांगलं तापायला लागलं होतं. मी ताट मांडीवर तसंच ठेवलं, उन्हाकडं तोंड केलं आणि दोन्ही डोळे मिटले. पापण्यांच्या आत सगळं भरून आलं. पिवळं, मधे केशरी, मऊ, कडा नसलेलं. त्यातून पानं वाहायला लागली.

जिन्यातून सून म्हणाली, "आई, झोपलात का?"

"नाय गं," मी म्हटलं. "निवडतेय."